घोळीच्या डोळ्यातली कोरी पट्टी

मी जे काम करतो त्याला मराठीत अजून नाव नाही. पदार्थविज्ञानवाले म्हणतात, तुम्ही प्राणिशास्त्राकडे जा. प्राणिशास्त्रवाले विचारतात, तुमचा बेडूक कुठे आहे? माझ्याकडे बेडूक नाही. माझ्या हाताशी मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेतलं प्रकाश फोडायचं यंत्र आहे, आणि तेही माझं नाही. सजीवांच्या अंगात प्रथिनं असतात. अंड्याचा पांढरा भाग, रक्तातलं लाल, डोळ्यातलं भिंग, ही सगळी प्रथिनं. ती कुठला प्रकाश जाऊ देतात आणि कुठला गिळतात, एवढंच मी बघतो. नागावला घरी हे समजावून सांगायला गेलो तेव्हा वडील म्हणाले, "म्हणजे दिव्यासमोर अंडं धरतोस." मग ओसरीवर बसून आपण अंडं हा शब्द उच्चारला हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते चूळ भरायला उठले.

त्याआधी माझा उद्योग पत्रकं लिहिण्याचा होता. त्याचं शिक्षण मी अलिबागेत एका वकीलसाहेबांच्या माडीवर घेतलं. ते आमच्या तालुक्यातल्या चळवळीचे चिटणीस. त्यांचा नियम असा की पत्रकात शिवी नको, पण तिसऱ्या ओळीला वाचणाऱ्याच्या तोंडात ती आपोआप आली पाहिजे. विशेषणं ते मोकळ्या हाताने वापरू द्यायचे. सरकारला जुलमी म्हटल्याशिवाय परिच्छेद संपला तर कागद परत यायचा.

मिठाचा कायदा मोडायचं ठरलं तेव्हा आमच्या बाजूचं पत्रक मीच लिहिलं. समुद्र आपला, चूल आपली, मीठही आपलं, असा त्याचा सूर. मग नागावच्या किनाऱ्यावर कढया चढल्या आणि चुलीशी मला बसवलं, कारण सरपण आमच्या वाडीतलं होतं. सरपण म्हणजे नारळाच्या झावळ्या, नुकत्या तोडलेल्या, ओल्या. वाळलेल्या झावळ्या वडिलांनी आंघोळीच्या बंबासाठी रचून ठेवल्या होत्या आणि त्या देशाला द्यायला ते तयार नव्हते. धूर इतका झाला की पोलिसांना आमचा शोध घ्यावा लागला नाही. काठ्या चालल्या, काहीजण आत गेले, थोडे दिवस मीही जाऊन आलो. त्या गडबडीतूनही बऱ्यापैकी मीठ सुटलं. रंगाने करडं होतं. त्याच्या पुड्या बांधून आम्ही घरोघर वाटल्या आणि अलिबागच्या कोळीवाड्यात तर मडकंभर दिलं. लोकांनी ते कपाळाला लावून घेतलं. वकीलसाहेबांनी थोडं काचेच्या बरणीत घालून कचेरीत कायद्याच्या पुस्तकांशेजारी ठेवलं.

त्यानंतर मी मुंबईला गेलो. प्रयोगशाळेत ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना नुसतं सर म्हणतो. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास गप्प बसता येईल का, असं त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं. मी म्हणालो, येतं, तुरुंगात सवय झाली. ते त्यांना ऐकू आलं नाही. सरकारी नोकरीत सरांचे कान तसे तयार झाले होते. त्यांनी एकच अट घातली, की पत्रकं बाहेर.

काम समजायला सोपं आहे. लोखंडाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवायची आणि तिचा प्रकाश गारेच्या, म्हणजे स्फटिकाच्या, लोलकातून फोडायचा. साधी काच चालत नाही. आम्हाला हवा असतो जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, आणि साधी काच तो खाऊन टाकते. फोडलेला प्रकाश फोटोच्या काचेवर पाडायचा आणि त्याच्या वाटेत प्रथिनाचं पाणी ठेवायचं. प्रकाश पोचतो तिथे काच काळी होते. प्रथिनाने गिळला तिथे कोरी राहते. ती कोरी पट्टी कुठे पडली आणि किती रुंद आहे, हे मोजायचं. आयुष्यभर हेच करायचं असतं. मला ते आवडलं. पत्रक लिहिलं की लोक टाळ्या तरी वाजवतात किंवा काठ्या तरी. इथे काच धुवून वाळत ठेवली की कोणी काही म्हणत नाही.

सरांचा विषय होता डोळ्यातलं भिंग. ते जवळजवळ निव्वळ प्रथिन असतं. म्हातारपणी ते पांढरं पडतं, अंडं उकडल्यावर पडतं तसं, आणि त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. का पडतं हे नक्की कोणी सांगत नाही. सरांना वाटायचं, जांभळ्यापलीकडचा प्रकाश गिळून गिळून प्रथिन बिघडत असेल. म्हणून निरोगी भिंग किती आणि कुठला प्रकाश गिळतं ते आधी मोजायचं. माणसाचे डोळे मिळत नाहीत. बोकडाचे खाटकाकडून आणले. पण सरांना जनावर आणि मासा यांची तुलना हवी होती, आणि मुंबईच्या बाजारातल्या माशाला बर्फात पडून किती काळ झाला हे विकणारी सांगत नाही. तेव्हा मी म्हणालो, आमच्या किनाऱ्यावरून मागवू.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सरांच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. आमच्या घरचं वर सांगितलंच आहे. मासा हा प्राणी आम्हा दोघांच्या पूर्वजांनी पाण्यातच ठेवला होता. माशाच्या डोळ्यावर निबंध लिहायला निघालेली आम्ही दोन माणसं, आणि ताजा मासा कसा दिसतो हे दोघांनाही माहीत नव्हतं.

अलिबागच्या कोळीवाड्यात एक मावशी होती. सत्याग्रहाच्या वेळी तिने आम्हाला पाणी दिलं होतं आणि पोलिसांना शिव्या, म्हणून ओळख. तिच्या नवऱ्याची होडी घोळ पकडायची. घोळ हा मोठा मासा, त्याचा डोळा सुपारीएवढा आणि आतलं भिंग गोल, गोटीसारखं. मी तिला म्हणालो, मला नुसते डोळे पाहिजेत.

"नं बाकीचा मुंडका?"

"तो तुम्ही ठेवा."

"मुंबैला मानसं डोळंच खातात का रं आता?"

मी सांगितलं, खायला नकोत, बघायला हवेत. तिने शेजारणीला हाक मारली आणि माझ्यादेखत सांगितलं की बामनाचा पोर तुरुंगात जाऊन आल्यापासून असा झालाय. मग भाव ठरला. डोळे काढून डब्यात भरायचे, डबा रेवसच्या बोटीवर चढवायचा, मी भाऊच्या धक्क्यावर उतरवून घ्यायचा. आमच्या बाजूला बर्फ नव्हता. पण डबे उतरवून उघडले की वास फारसा यायचा नाही. मला वाटलं, मावशी कामाची बाई आहे. डोळ्यांवर बारीक करडे खडे चिकटलेले असायचे. सरांनी चिमट्याने एक उचलून पाहिला आणि म्हणाले, "मीठ दिसतंय."

मी म्हणालो, "समुद्रातला मासा, सर. खारट असायचाच."

"अर्थात," सर म्हणाले.

डोळे आम्ही शुद्ध पाण्याने धुवून घेतले, भिंगं काढली, त्यांचं पाणी केलं आणि काचेवर घेतलं. प्रथिनाची नेहमीची पट्टी दिसली, आणि तिच्या शेजारी दुसरी. बोकडाच्या डोळ्यात दुसरी नव्हती. सरांनी काच उलटी करून पाहिली, यंत्र उघडून पुसलं आणि नवीन काच लावली. दुसरी पट्टी तिथेच. पुढच्या डब्यातही होती आणि त्याच्या पुढच्याही. हिवाळाभर आम्ही तेच करत होतो आणि ती पट्टी एकदाही चुकली नाही. सर कुठल्याही गोष्टीला 'कदाचित' लावल्याशिवाय बोलत नसत. शिमग्याच्या सुमाराला त्यांनी 'कदाचित' सोडलं. ते म्हणाले, माशाच्या भिंगात आजवर कोणाला न सापडलेलं एक द्रव्य आहे, त्यामुळे त्याला उघड्या समुद्रातला प्रखर प्रकाश सोसतो. निबंध लिहू. येत्या हिवाळ्यातल्या शास्त्रपरिषदेत वाचू. आणि निबंध मान्य झाला की प्रयोगशाळेत संशोधकाची जी एक कायमची जागा रिकामी आहे, ती तुमची.

ती जागा मला हवी होती. हे मी लाजून सांगत नाही. नागावच्या वाडीत तिघा भावांत नारळ मोजत बसायचं नसेल, तर त्या जागेवाचून मला दुसरं काही नव्हतं.

निबंधाचा सारांश पाठवला आणि तो छापूनही आला. मधल्या काळात मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, पत्रक का नाही? सरांची अट प्रयोगशाळेपुरती होती, अलिबागेला लागू नव्हती, असा मी अर्थ लावला आणि लिहून दिलं. कोकणच्या माशाने विलायतेच्या पंडितांना धडा शिकवला, अशी त्याची सुरुवात होती. वकीलसाहेबांनी 'जुलमी' कुठे बसत नाही म्हणून खंत व्यक्त केली आणि पार मुरुडपर्यंत वाटलं.

मग पावसाळा. होड्या वर ओढल्या गेल्या, डबे बंद झाले. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा सुटल्या तेव्हा सर म्हणाले, परिषदेआधी शेवटच्या काही काचा अगदी ताज्या डोळ्यांच्या हव्यात, तुम्ही स्वतः जा. त्यांनी मला बर्फ भरलेला थर्मास दिला. मी किनाऱ्यावर उभा राहिलो, होडी लागली, मावशीच्या नवऱ्याने माझ्यासमोर मुंडकी कापली आणि मी डोळे बर्फात घालून त्याच दिवशी मुंबई गाठली.

काचेवर नेहमीची पट्टी आली. दुसरी आली नाही.

सरांनी यंत्र उघडून पुसलं. मी काचांचा डबा बदलला. आम्ही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे बोलत होतो. दुसरे डोळे घेतले, तिसरे घेतले. दुसरी पट्टी नव्हती ती नव्हतीच. शेवटी सर म्हणाले, "मासा तोच आहे. समुद्र तोच आहे. आणणारा बदलला." ते माझ्याकडे पाहत नव्हते, पण मी समजलो आणि पुन्हा रेवसची बोट पकडली.

मावशी दारात जाळं विणत होती. मी विचारलं, मागच्या साली डोळे डब्यात भरायच्या आधी तुम्ही त्यांचं काय करत होता?

"काय करनार? मीठ लावीत होते."

"मीठ?"

"न्हाय तर बोटीवर कुजलं असतं. डबा पान्यात फेकला असता लोकांनी."

मी म्हणालो, मला वाटलं समुद्रातला मासा मुळात खारटच असतो.

मावशीने जाळं खाली ठेवलं. आतून तिची जाऊ बाहेर आली. मावशीने तिला माझं वाक्य ऐकवलं, मग पलीकडच्या घरात ऐकवलं, आणि मग मला म्हणाली, "मासा खारट असता तर कालवनात मीठ कशाला घातला असता आमी? तुला शिकवला कोनी रं?"

मी विचारलं, कुठलं मीठ? ती आत गेली आणि मडकं घेऊन आली. तळाशी थोडं उरलं होतं, करडं. मी ते ओळखलं. न ओळखून करतो काय, मीच शिजवलं होतं.

"हा खायला न्हाय होत," मावशीने सांगितलं. "धुराचा वास मारतो. पोरांनी कालवन थुकला. पन टाकवना, तुमी देशाचा म्हून दिलेला. डोळं तर कोन खानारा नव्हता. म्हून त्यांना लावला."

यात मला आजही एक चूक दाखवता येत नाही.

मडक्यातली चिमूट मी कागदात बांधून मुंबईला आणली आणि शुद्ध पाण्यात विरघळवली. मासा नाही, डोळा नाही, नुसतं मिठाचं पाणी. काचेवर दुसरी पट्टी उमटली, ठसठशीत. मग बाजारातलं मीठ घेतलं. त्यात काही नव्हतं. मग वेगळ्या पाण्यावर ओल्या झावळीचा धूर धरून पाहिला, आणि पट्टी पुन्हा हजर झाली. म्हणजे झावळ्यांचा धूर कढईतल्या पाण्यात उतरला, तिथून मिठात, मिठातून डोळ्यात, आणि प्रथिनाला असा चिकटला की धुवून निघाला नाही. माशाने विलायतेला काहीही शिकवलेलं नव्हतं.

सरांनी सगळ्या काचा ओळीने लावून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाले, निबंध मागे घ्यायचा, त्यात दुमत नाही. मला बरं वाटलं. पुढे म्हणाले, परिषदेला कळवू की प्रकृतीच्या कारणाने निबंध वाचला जाणार नाही.

"कोणाच्या प्रकृतीच्या?"

"तुमच्या."

मी म्हणालो, माझी प्रकृती उत्तम आहे. सारांश छापून गेलाय, उद्या कोणीतरी ती पट्टी शोधायला बसेल आणि वर्ष घालवेल, त्याला कारण कळायला नको का? सर म्हणाले, मग लिहू की क्षारातल्या अशुद्धतेमुळे चूक झाली. मी विचारलं, कुठल्या क्षारातल्या? ते म्हणाले, बाजारी.

हे ऐकून माझा पारा चढला. बाजारी मीठ पेण-उरणच्या मिठागरांत उन्हावर होतं. आगरी माणसं फेब्रुवारीपासून मेपर्यंत खाऱ्या पाण्यात गुडघाभर उभी राहून ते काढतात. त्यात धुराचा कण नाही, आपण आपल्या यंत्राने हे आत्ताच पाहिलंय, आणि त्यांच्या माथी आपली घाण मारायची? सर शांतपणे म्हणाले, "ही सरकारी प्रयोगशाळा आहे. इथे हिवाळाभर बेकायदा मीठ येत होतं, असं मी कसं लिहू?" ते भित्रे नव्हते. तीन मुलींचे वडील होते.

मी अलिबागेला गेलो. म्हटलं, निदान आपल्या माणसांना तरी सरळ सांगता येईल. पत्रकाने चूक पसरवली, पत्रकानेच निस्तरू. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग उठून माडीचं दार लावलं.

"अरे, सरकार पहिल्या दिवसापासून काय ओरडतंय? की यांचं मीठ घाण आहे, खाण्यालायक नाही. आणि तू आता त्याचा फोटो काढून आणलास."

"ते घाण होतं, वकीलसाहेब. कोळीवाड्यात कोणी तोंडात घातलं नाही."

"नसेल घातलं. कपाळाला लावलं ना?"

मी म्हणालो, आपण लोकांना खोटं सांगितलं. ते म्हणाले, आपण माशाविषयी खोटं सांगितलं, माशाला मत नाही. चूक कबूल करणारं पत्रक आजवर निघालेलं नाही, लोकांना त्याची सवय नाही, ते गोंधळतील. फार तर 'मिठामुळे' एवढं लिही. आपलं मीठ म्हणू नको आणि घाण तर मुळीच म्हणू नको. बोलताना ते बरणीकडे पाहत होते. बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं होतं.

थोडक्यात स्थिती अशी झाली. मीठ बेकायदा होतं हे सरकारी माणसाला लिहिता येत नव्हतं आणि मीठ खराब होतं हे चळवळीच्या माणसाला. दोघेही सज्जन. दोघांनीही मला एकेक शब्द गाळायला सांगितला, आणि दोन्ही गाळले की उरत होती माझी बिघडलेली प्रकृती. याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. जुलमी सरकारने मला खोटं लिही म्हणून कधी सांगितलं नव्हतं. ते काम माझ्या दोन्ही गुरूंनी केलं.

पण खरं लिहायला एक तिसरी अडचण होती. मीठ कुठून आलं हे छापलं, तर पोलीस आधी कोळीवाड्यात जाणार. म्हणून मी मावशीकडे गेलो आणि विचारलं. या सगळ्या प्रकरणात तिला विचारायला गेलेला मी एकटाच.

तिने विचारलं, "माझा नाव घालशील?"

"नाही. मीठ मी शिजवलं, मी वाटलं. माझंच नाव घालीन."

"मग तसाच लिव. हिते पोलीस आला तर मीठ न्हाय शोधनार, माझ्या जावंचा ताडीचा मडका फोडून जाईल." ती पुन्हा जाळ्याकडे वळली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "मिठाला काय लिवायचा ता लिव. डोळ्यांना नावं ठेवू नको. डोळं ताजं होते."

त्या संध्याकाळी रेवसच्या बोटीवर बसून मी मजकूर लिहिला. तो असा: 'आमच्या सारांशात वर्णन केलेली दुसरी पट्टी माशाच्या प्रथिनाची नाही. डोळे टिकावेत म्हणून त्यांना लावलेल्या मिठात धूर होता, त्याची ती पट्टी आहे. हे मीठ आम्हा दोघांपैकी धाकट्याने, अन्यायी कायदा मोडून, समुद्रकिनारी ओल्या झावळ्यांच्या जाळावर शिजवले होते. बाजारी मिठात ही पट्टी आढळत नाही. डोळे ताजे होते.'

दुसऱ्या दिवशी मी तो सरांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, परिषदेत मी उभा राहून हे वाचणार. तुमचं नाव नको असेल तर काढून टाका, 'आम्हा दोघांपैकी' बदलून घेतो. सरांनी वाचलं. लाल पेन्सिल घेतली आणि 'अन्यायी' वर रेघ मारली.

मी म्हणालो, तो अन्यायी आहे.

"असेल. यंत्रावर दिसत नाही."

"मग कायदा मोडला हेही यंत्रावर दिसत नाही."

"कायदा आहे हे छापील आहे. मोडला असं तुम्ही सांगताय, त्याला मी हरकत घेत नाही. अन्यायी हे अनुमान झालं." त्यांनी कागद पुन्हा वाचला. "ओल्या हा शब्द राहू द्या, तो महत्त्वाचा आहे." मग पेन्सिल ठेवून टाक उचलला आणि खाली सही केली, माझ्या जागेच्या वर, ज्येष्ठाची असते तिथे. मुलींचा विषय निघाला नाही. मी काढला नाही आणि त्यांनीही नाही.

परिषदेत मी ते वाचलं. सभागृह बऱ्यापैकी भरलेलं होतं. कायद्याच्या वाक्यापाशी अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, कोणाला काही शंका? मागून एक वृद्ध गृहस्थ उठले. मला वाटलं आता राजद्रोह निघणार आणि मी छाती पुढे काढली. त्यांनी विचारलं, झावळ्या नारळाच्या की सुपारीच्या? मी म्हणालो, नारळाच्या. ते म्हणाले, सुपारीच्याही घेऊन पाहायला हव्या होत्या. आणि बसले. पुढचा निबंध भाताच्या तुसावर होता.

पोलीस आले नाहीत. मी वाट पाहिली, खरं तर तयारीही केली होती, पण पोलीस खात्यात शास्त्रपरिषदेची कार्यवाही कोणी वाचत नसावं. आमच्या संचालकांनी मात्र वाचली. त्यांनी मला बोलावून सांगितलं की कायमच्या जागेसाठी दुसरे योग्य गृहस्थ मिळाले आहेत. मी विचारलं, ते कशात योग्य आहेत? संचालक म्हणाले, त्यांचा एकही निबंध मागे घेतलेला नाही. मी चौकशी केली. त्यांचा एकही निबंध नव्हता. सरांची बढती ज्या कागदावर होती तो कागद वर गेला आणि वरच राहिला. वकीलसाहेबांना मी मजकुराची प्रत दिली होती. त्यांनी ती छापली नाही. पण पुढची पत्रकं ते छापण्याआधी मला दुरुस्तीला पाठवतात. सह्यांत मात्र माझं नाव नसतं.

मला शनिवारी दुपारी यंत्र वापरायची परवानगी आहे, बिनपगारी. बाकीचे दिवस मी एका शाळेत मुलांना गणित शिकवतो. सर शनिवारी घरी जात नाहीत. आम्ही आता ताजी भिंगं घेतो, काही तशीच ठेवतो आणि काही उकडून पांढरी करतो, आणि दोन्हींची नेहमीची पट्टी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. मला वाटतं, पांढऱ्या भिंगाची पट्टी किंचित सरकलेली आहे. ते खरं असेल, तर मोतीबिंदूत प्रथिनाचं काय होतं याचा तो पहिला धागा ठरेल. मी सरांना काच दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, बोटाने अंतर मापल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कदाचित. पुन्हा घ्या."

पुन्हा घ्यायचं म्हणजे डोळे पुन्हा आणायचे. थर्मासात मावतात त्यापेक्षा जास्त लागतात, म्हणून बाकीचे डब्यात, बिनमिठाचे. आतली भिंगं मुंबईपर्यंत टिकतात, पण दुपारच्या बोटीवर डोळे रेवस सुटल्याबरोबर वासाने बोलायला लागतात. परवा शेजारी बसलेल्या गुजराती व्यापाऱ्याने डब्यात काय आहे असं विचारलं. मी सांगितलं, डोळे. ते गृहस्थ उठून डेकच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि त्यांच्यामागे तो बाकच्या बाक रिकामा झाला. मी डबा बाकावर ठेवला, पाय पसरले आणि मुंबईपर्यंत मुलांच्या गणिताच्या वह्या तपासल्या.